'कनेक्टेड' म्हणते, पण कुणाशी? मांद्र्यातल्या एका इअरबडचं प्रकरण

शुक्रवार म्हणजे आमच्या गोव्यातल्या म्हापशाचा बाजार. पेडण्याकडची माणसं सकाळच्या बसने येतात, पिशव्या भरतात आणि परतीच्या बसला अर्धा तास असला की माझ्या दुकानात डोकावतात. त्या दिवशी दुरुस्त्या कमी, चौकशाच जास्त. ऑक्टोबरातल्या अशाच एका शुक्रवारी मांद्र्याचे मास्तर आले. हायस्कुलात मराठी शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, पण माझी मावशी मांद्र्यालाच दिलेली, त्यामुळे ओळख जुनी. पिशवीतली वांगी बाजूला सारून त्यांनी एक पांढरी डबी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"ही कर्णफुलं बघ रे. फोनशी त्यांचं जमत नाही."

कर्णफुलं म्हणजे वायरलेस इअरबड. मुलाने गणेशचवथीला पुण्याहून येताना आणलेले, दीडेक हजारांच्या पट्ट्यातले. फोन दोन वर्षं वापरलेला अँड्रॉइड, भाषा अर्थातच मराठी. मास्तर संध्याकाळी समुद्राच्या बाजूने फिरायला जातात आणि जाता-येता जुनी नाट्यपदं ऐकतात. घरून निघताना बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसून चपला चढवायच्या, डबी उघडायची, बड कानात घालायचे आणि मग फोन काढायचा, असा त्यांचा क्रम. गेले काही दिवस फोनवर बडचं नाव दिसे, त्यावर बोट ठेवलं की 'कनेक्ट करत आहे' असं येई, आणि थोड्या वेळाने ते निमूटपणे मावळे.

बोलता बोलता त्यांनी आणखी तीन गोष्टी सांगितल्या. एक, कानातली बाई तर साफ 'कनेक्टेड' म्हणते, फोनच कबूल करत नाही. दोन, फिरून आल्यावर ते फोनचं ब्लूटूथ न चुकता बंद करतात, बॅटरी वाचते म्हणून. आणि तिसरी त्यांनी हसत सांगितली: "ज्या दिवशी गडगडाट असतो ना, त्या दिवशी मात्र झटकन लागतात. इंद्राची कृपा!" मीही हसलो. प्रकरणाचा सगळा उलगडा या तीन वाक्यांत होता आणि मी एकही कागदावर टिपलं नाही. दुकानात गर्दी होती, हे काही कारण नव्हे.

पहिला शुक्रवार

मी नेहमीच्या वाटेने गेलो. बड न जुळण्याच्या दहातल्या सात तक्रारी किल्लीच्या भानगडीतून येतात, निदान माझ्या काउंटरवर तरी. फोन आणि बड पहिल्यांदा जोडले की दोघं मिळून १२८ बिटांची एक किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढच्या वेळी तीच किल्ली दाखवून ओळख पटते. एकाने ती टाकून दिली आणि दुसऱ्याने ठेवली, तर ओळख पटत नाही. मग फोन चुकीचा पिन किंवा पासकी असल्याची कुरकुर करतो, आणि माणूस डबीच्या खोक्यावर पिन शोधत बसतो. या बडना पिन मुळात नसतोच.

म्हणून फोनच्या यादीत जाऊन 'विसरा' दाबायला सांगितलं. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुणाला विसरायचं? या वयात सांगावं लागत नाही." विसरले. परत जोडले, जुळले. पण मला अतिशहाणपणा सुचला. पक्कं काम करावं म्हणून मी फोनचं वाय-फाय आणि ब्लूटूथचं रिसेटही मारून टाकलं. दुकानात सगळं छान वाजलं. शंभर रुपये घेतले, मास्तर बसला गेले.

रात्री त्यांचा फोन आला. घरचं वाय-फाय लागत नव्हतं. त्या रिसेटमध्ये साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्डही पुसले जातात, हे मला ठाऊक होतं, त्यांना सांगायला विसरलो. पासवर्ड पुण्याच्या मुलाला माहीत. त्याला फोन, मग शेजारच्या पोराला बोलावणं. आणि बड? "दुकानात लागले तेवढेच. घरी परत तेच."

हे रिसेट म्हणजे घरातला एक उंदीर मारायला सगळं सामान अंगणात काढण्यासारखं आहे. कधी लागतंही, पण अगदी शेवटी. आणि इथे तर ते चुकीच्या घरात केलं होतं. मी फोनची स्मरणशक्ती साफ केली, बडची नाही. बडच्या पोटात आधीची सगळी नावं तशीच होती.

दुसरा शुक्रवार

आठवड्याने मास्तर परत आले तेव्हा तक्रारीत भर पडली होती: उजवा बड आता मुकाच. डावा दुकानात लगेच जुळला, उजव्याचा पत्ता नाही. डबीत ठेवल्यावर डाव्याच्या बाजूचा दिवा लागे, उजव्याचा नाही. मी बोटाने उजवा बड खाली दाबून धरला तर दिवा लागला, सोडला तर गेला.

इथे मी दुसरी चूक केली. संपर्क नीट होत नाही हे दिसत होतं, पण बडवरचे चार्जिंगचे धातूचे ठिपके सुती फडक्याने पुसले, दोनदा दाबलं, दिवा टिकला, दहा मिनिटांत उजव्या कानात आवाज आला, आणि मी समाधान मानलं. घरी का जुळत नाही याचं उत्तर मला स्वतंत्रपणे द्यावंसं वाटलं, आणि मी ते वाय-फायवर ढकललं. मांद्र्यात आता दर दोन घरांआड पाहुण्यांच्या खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीमागे राउटर. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि बरंचसं वाय-फायही त्याच पट्ट्यात. "गर्दी होते मास्तर, लहरींची," असं मी म्हणालो. ऐकायला शास्त्रीय वाटतं, म्हणून खपलंही.

पण बसून विचार केला असता तर लक्षात आलं असतं की गर्दीची लक्षणं वेगळी असतात. गाणी वाजवणारं ब्लूटूथ त्या पट्ट्याचे एक-एक मेगाहर्ट्झचे ७९ भाग करून त्यांत सेकंदाला १६०० उड्या मारतं, आणि ज्या भागात वाय-फायचा गोंगाट असतो तो टाळायलाही शिकतं. गर्दी झाली तर गाणं तुटतं, अडखळतं, फोन पाठच्या खिशात टाकला तर आणखी तुटतं, कारण मधलं आपलं शरीर बरंचसं पाणीच आहे आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. जोडी मुळातच न जमणं, तेही घरी रोज आणि दुकानात कधीच नाही, हे गर्दीचं लक्षण नव्हे. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी मांद्र्यापेक्षा कमी वाय-फाय असतं की काय?

मी मास्तरांना विचारलं होतं, "आणखी कशाला जोडले होते का हे?" ते "नाही" म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी जोडले नव्हते. मी विचारायला हवं होतं की घरात आणखी कुणी जोडले होते का.

रविवारी, मांद्र्यात

त्या रविवारी मावशीकडे जाणं होतं. शिवोलीचा पूल ओलांडला की मांद्रं फार लांब नाही. संध्याकाळी मास्तरांकडे डोकावलो, खरं तर चहासाठी. मास्तर फिरून येऊन अंघोळीला गेले होते. डबी टीव्हीशेजारच्या फळीवर, झाकण बंद. काकी टीव्हीवर बातम्या लावून बसल्या होत्या. मी बाल्कांवातून आत पाऊल टाकतोय तोच त्या ओरडल्या:

"आवाज गेलो मरे परत!"

निवेदिका तोंड हलवत होती, आवाज शून्य. काकी रिमोटवर आवाज वाढवत सुटल्या. मला म्हणाल्या, गेला महिनाभर हे असंच चाललंय. मध्येच आवाज जातो, कधी तासाने आपोआप येतो, कधी रात्रभर येत नाही. केबलवाला दोनदा येऊन गेला, एकदा वायर बदलून पैसेही घेऊन गेला. मास्तरांनी हे मला कधी सांगितलं नाही. का सांगतील? टीव्हीचा आवाज आणि त्यांची कर्णफुलं यांचा संबंध काय!

मी पडद्याकडे बघत होतो. आवाजाची पट्टी वर सरकत होती आणि तिच्या कडेला एक बारीकसं चित्र होतं, हेडफोनचं.

फळीवरची डबी उचलली, उघडली. डाव्या बाजूचा दिवा लागला, उजवी बाजू काळोख. उजवा बड काढून कानाला लावला. निवेदिका माझ्या कानात बोलत होती. पणजीतल्या वाहतुकीबद्दल काहीतरी.

काकींच्या कानाला लावला. त्यांनी आधी बडकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, आणि मग न्हाणीघराच्या दाराकडे, जरा रागानेच.

पुण्याला फोन लावला तेव्हा उरलेला भाग कळला. चवथीत मुलाने रात्री क्रिकेट बघायला बड टीव्हीला जोडले होते, घरातली माणसं जागी होऊ नयेत म्हणून. दोन रात्री बघितलं आणि पुण्याला गेला. त्याच्या लेखी विषय तिथेच संपला.

मग नेमकं काय होत होतं

हे बड एका वेळी एकाशीच बोलणारे होते. दोन उपकरणांशी एकदम जुळणारे बडही मिळतात, हे तसे नव्हते. डबी उघडली की असे बड आधी शेवटच्या ओळखीच्याला हाक मारतात. तो बोलला नाही की यादीतल्या दुसऱ्याला. मास्तरांची शेवटची ओळख फोनशी. पण फोनचं ब्लूटूथ त्यांनी कालच बंद केलेलं. बाल्कांवात बसून ते आधी बड कानात घालत आणि मग फोन काढून ब्लूटूथ सुरू करत. मधल्या त्या अर्ध्या मिनिटात बड फोनला हाका मारून थकत आणि पुढच्या नावाकडे वळत. पुढचं नाव टीव्ही, आणि टीव्ही एका भिंतीपलीकडे.

टीव्ही तर बंद असायचा, असं मास्तरांचं म्हणणं. पडदा बंद असायचा. ज्या टीव्हीचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, तो टीव्ही स्टँडबायमध्येही कान उघडे ठेवून असू शकतो, नाहीतर रिमोटचं बटण दाबल्यावर उठणार कसा? हा टीव्ही त्यातलाच. बडने हाक मारली, टीव्हीने झोपेतच ओ दिली, आणि कानातली बाई म्हणाली 'कनेक्टेड'. ती खरंच बोलत होती. कुणाशी ते मात्र सांगत नव्हती. त्यानंतर फोन कितीही दार वाजवो, आत जागा नाही.

आणि इंद्राची कृपा? पावसाळा सरताना आमच्याकडे दुपारनंतर गडगडाट सुरू होतो आणि विजा चमकायला लागल्या की घराघरांत टीव्हीचे प्लग उपटले जातात. प्लग काढला की टीव्ही खरोखरच मेला. मग बडना फोनशिवाय दुसरं कुणी नाही. मास्तरांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. हसून सोडून दिलं ते मी.

पण एवढ्याने टीव्हीच्या आवाजाचा खुलासा होत नाही. रात्री तर बड डबीत असतात, आणि डबीत गेलेला बड झोपायला हवा. तो झोपत नव्हता, कारण आपण डबीत आहोत हे उजव्याला कळतच नव्हतं. महागड्या जोड्यांत यासाठी चुंबकाने चालणारा वेगळा सेन्सर असू शकतो. या जोडीत सगळी भिस्त दोन ठिपक्यांवर. डबीच्या पिनांमधून वीज आली की बड समजतो, घर आलं, झोपा. वीज आली नाही तर त्याच्या मते तो अजून मास्तरांच्या कानातच आहे. मास्तर घरी येत, बड डबीत ठेवत, ब्लूटूथ बंद करत. डावा झोपे. उजवा अंधाऱ्या डबीत जागा, फोन गप्प, मग टीव्हीला हाक. काकींच्या मालिकेचा आवाज उचलून तो डबीतल्या डबीत वाजवत बसे, बॅटरी संपेपर्यंत. संपली की आवाज टीव्हीत परत. उजवा रोज मेलेला का असायचा, त्याचंही उत्तर तेच: चार्ज नीट होत नव्हता आणि रात्रभर जागरण.

एकच दोष असता तर मी पहिल्याच शुक्रवारी पकडला असता, असं मला वाटतं. निदान वाटून घ्यायला आवडतं.

ठिपका

सोमवारी डबी दुकानात आणली. मल्टिमीटर लावला, दोन्ही कप्प्यांच्या पिनांवर सारखेच व्होल्ट. म्हणजे डबीतून वीज नीट येत होती. उजवा बड सर्किटच्या पाट्या बघायच्या मायक्रोस्कोपखाली धरला. दोन ठिपके, प्रत्येक जेमतेम दीड मिलिमीटरचा. एक सोनेरी, लखलखीत. दुसरा मधोमध काळपट आणि कडेने हिरवा. तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की कळंक चढतो, अगदी तोच रंग. फडक्याने पुसून तो जाणारा नव्हता. वरवरची धूळ गेली होती, इतकंच.

हिरवा झालेला होता धन बाजूचा. घाम आणि समुद्रावरचा खारा वारा मिळून ठिपक्यावर मिठाच्या पाण्याचा पातळ थर बसतो. तसाच ओला बड डबीत टाकला की त्या थरातून वीज वाहायला लागते, आणि धन बाजूचा धातू विरघळत जातो. वरचा सोन्याचा मुलामा नावापुरताच असतो. तो फाटला की खालचं तांबं उघडं पडतं. मांद्रं, मोरजी, हरमलकडून आलेल्या बडवर हे मी बऱ्याचदा पाहतो, डिचोली-साखळीकडच्यांवर क्वचित. उजवाच का? विचारलं तेव्हा कळलं की वाटेत कुणी भेटलं की मास्तर उजवा काढून मुठीत धरतात आणि गप्पा मारतात. मांद्र्यात मास्तरांना भेटणारे कमी नाहीत.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून, निथळून, ठिपका भिजवला. मग दात कोरायच्या लाकडी काडीचं टोक चेपून कळंक हळूहळू उकरला, परत अल्कोहोल, परत काडी. चार-पाच फेऱ्या. ब्लेड किंवा पॉलिश पेपर लावला तर दोन मिनिटांत चकचकीत होतं आणि महिन्याभरात दुप्पट खातं, कारण उरलासुरला मुलामाही गेलेला असतो. डबीतल्या पिना स्प्रिंगवरच्या. उजवीकडची एक पीन निम्मी खाली अडकलेली होती, म्हणूनच दाबल्यावर दिवा लागायचा. तिलाही थेंबभर अल्कोहोल देऊन वीस-पंचवीस वेळा खालीवर केली, मोकळी झाली. डबी उघडी ठेवून तासभर वाळवली. उजवा ठेवला. दिवा लागला, न दाबता.

मग बडचं रिसेट, जे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. दर कंपनीची रीत वेगळी. या डबीला मागे बटण होतं, दोन्ही बड आत ठेवून दिवे लुकलुकेपर्यंत दाबायचं. दोन्ही आत आणि दोघांनाही वीज मिळत असणं महत्त्वाचं, कारण बडचं एक नातं फोनशी असतं आणि एक आपसात. उजव्याला वीज मिळत नसताना रिसेट मारलं असतं तर डावा कोरा झाला असता आणि उजवा जुन्या आठवणी घेऊन बसला असता. मग फोनच्या यादीत एकाच जोडीची दोन नावं दिसतात आणि गाणं एकाच कानात वाजतं. तेव्हा आधी दोघांना आपसात जुळू दिलं, मग फोनवर 'विसरा', मग नव्याने पेअर. पुण्याहून मुलाने फोनवर सांगत सांगत काकींकडून टीव्हीच्या यादीतूनही नाव काढून घेतलं.

मास्तरांना दोनच गोष्टी सांगितल्या. बड डबीत ठेवण्याआधी सदऱ्याच्या कोरड्या भागाला पुसायचे, आणि ब्लूटूथ सुरूच ठेवायचं. रिकामं बसलेलं ब्लूटूथ एवढी कमी बॅटरी खातं की संध्याकाळी फरक दिसायचाही नाही. पहिली त्यांनी लगेच मानली. दुसरीला कुरकुरले; वापरात नसलेला दिवा बंद करायचा हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलेलं. पहिल्या दिवशी घेतलेले शंभर रुपये मी परत केले. केबलवाल्याचे काही परत आले नाहीत.

तीन आठवड्यांनी परत शुक्रवारी आले. उजवा-डावा दोन्ही नीट, घरातूनच जुळतात. पण काकींचं नवीनच मागणं होतं. मास्तर नऊला झोपतात आणि मालिका साडेनऊची. तो आवाज डबीत जायचा तो मुद्दाम कानात घेता येईल का? म्हणजे टीव्ही पुन्हा यादीत. घेता येईल म्हटलं, फक्त मालिका संपली की टीव्ही रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणानेच बंद करायचा आणि मास्तर फिरून येईपर्यंत लावायचा नाही. मास्तर म्हणाले, "म्हणजे रोजच गडगडाट."

ते बटण कपाटाच्या मागे आहे. सुताराला सांगून ठेवलंय म्हणाले.